नागपुरी संत्र्याच्या बागेतील हिवाळी कामे : नव्या बागायतदारासाठी

नाशिककडचा द्राक्ष बागायतदार ऑक्टोबरमध्ये कात्री हातात घेतो आणि छाटणी करून वेलीला नव्या हंगामासाठी तयार करतो. संत्र्याचे झाड सदाहरित असल्यामुळे त्याला पाने टाकून विसावण्याचा स्वतःचा असा ऋतू नसतो. पाणी आणि ऊब मिळत राहिली तर ते बाराही महिने थोडी पालवी, थोडी फुले काढत बसते आणि कोणताच बहार धड येत नाही. म्हणून काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या नागपूर जिल्ह्यातील तालुक्यांत आणि शेजारच्या वरुड-मोर्शी पट्ट्यात हिवाळ्यात झाडाचे ओलीत बंद करून त्याला सक्तीची विश्रांती दिली जाते. यालाच आपण ताण देणे म्हणतो. तापमान १३ अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागले की झाडाची वाढ जवळजवळ थांबते. त्यातच मुळांना पाणी मिळेनासे झाले की पानांनी तयार केलेले अन्न नव्या पालवीवर खर्च न होता फांद्यांमध्ये साठत जाते, आणि जानेवारीच्या अखेरीस पाणी मिळताच त्या साठ्यावर फुलांचे डोळे फुटतात. ओलीत थांबवणे वरवर सोपे दिसते, पण नव्या बागायतदाराच्या हातून सर्वांत जास्त नुकसान याच कामात होते. तेव्हा या लेखात इतर कामे ताणाच्या आधी आणि नंतर जशी येतात, त्याच क्रमाने दिली आहेत.

सर्वप्रथम बहार ठरवा

संत्र्याचे प्रमुख बहार दोन. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडणीला येतात. मृग बहाराची फुले पावसाच्या सुरुवातीला जून-जुलैमध्ये येऊन फळे पुढच्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उतरतात. ज्या झाडावर आज मृगाची फळे वाढत आहेत, त्या झाडाला हिवाळ्यात ताण देता येत नाही. दिलाच तर फळे गळतात, जी टिकतात ती लहान व कोरडी राहतात, आणि झाडही थकते. मृगाच्या बागेला हिवाळाभर नियमित पाणी द्यावे आणि या लेखातील साल, खोड व सल (वाळलेल्या काड्या) यांविषयीची कामे तेवढी घ्यावीत. ताणाचा भाग केवळ आंबिया बहारासाठी आहे. दोन्ही बहार एकाच झाडावर घेण्याचा मोह नव्या माणसाला फार होतो. दोन्ही फळांना भाव मिळेल असे वाटते, परंतु अशी झाडे काही वर्षांतच शेंड्याकडून वाळू लागतात.

दुसरी अट वयाची. पाच वर्षांच्या आतील झाडाला ताण देऊ नये. त्या वयात झाडाने खोड, फांद्या आणि मुळे वाढवायची असतात. एखादे फूल दिसले तरी ते काढून टाकलेले बरे. मोठ्या झाडांपैकीही जे आजारी आहे, ज्याची पाने पिवळी पडली आहेत किंवा खोडातून डिंक वाहतो आहे, त्याला खुणेची फीत बांधून ताणातून वगळावे. ठिबक असल्यास त्या झाडापुरती तोटी चालू ठेवावी आणि शेजारच्या ओळीच्या तोट्या बंद कराव्यात. ठिबक नसल्यास बादलीने पाणी द्यावे.

बाग वेळेवर रिकामी करणे

आंबियाची फळे झाडावर असेपर्यंत ताण सुरू होत नाही, म्हणून हिवाळ्याचे पहिले काम तोडणी पूर्ण करणे हेच ठरते. आपल्या भागात उभी बाग व्यापाऱ्याला विकण्याची पद्धत रूढ आहे, आणि व्यापारी नागपूरच्या कळमना बाजारातील भाव पाहून तोडणी पुढे ढकलतो. फळ झाडावर राहिले तरी व्यापाऱ्याचे नुकसान नसते, पण जानेवारीपर्यंत फळे वागवणाऱ्या झाडाला विश्रांतीही मिळत नाही आणि पुढचा बहारही उशिरा, विरळ येतो. सौदा करतानाच अमुक तारखेपर्यंत संपूर्ण बाग मोकळी झाली पाहिजे असे लिहून घ्यावे. ही तारीख शक्यतो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातील असावी. स्वतः तोडणी करणार असाल तर फळ ओढून तोडू नये. ओढल्याने देठाजवळची साल निघते, फळ दोन दिवसांत सडू लागते आणि फांदीलाही जखम होते. सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, देठ फळालगत कापावा आणि सकाळचे दव वाळल्यानंतरच कामाला सुरुवात करावी.

तोडणीनंतर झाडाखाली पडलेली व सडलेली फळे गोळा करून बागेबाहेर खड्ड्यात पुरावीत. बुरशी आणि फळमाशी या दोघांनाही ती पुढच्या हंगामापर्यंत आसरा देतात. हे काम तोडणी करणारे मजूर करत नाहीत, ते स्वतंत्रपणे करवून घ्यावे लागते.

सल काढणे

संत्र्यात द्राक्षासारखी कडक छाटणी नसते. येथे मुख्यतः वाळलेल्या काड्या काढायच्या असतात. त्यांना आपल्याकडे सल म्हणतात. फळांचे ओझे उतरल्यानंतर आतल्या बाजूच्या कितीतरी बारीक फांद्या टोकाकडून वाळलेल्या दिसतात. त्यांवरची बुरशी पावसाळ्यात हिरव्या फांद्यांवर आणि फळांच्या देठांवर उतरते व फळगळ होते. म्हणून तोडणीनंतर लगेच, झाडात ओल असतानाच, सल काढावी. ताणाने पाने मलूल झाल्यावर वाळलेली आणि जिवंत काडी ओळखणे कठीण जाते.

आमच्या बागेत सल काढायला येणाऱ्या एका वयस्क मजुरांनी मला पहिल्याच वर्षी थांबवले होते. मी पाने नसलेल्या सगळ्याच काड्या कापत सुटलो होतो. ते म्हणाले, "भाऊ, आंधी नख लावून पाहा, मंग कापा." त्यांनी एका राखाडी काडीची साल अंगठ्याच्या नखाने किंचित खरवडून दाखवली. खाली हिरवी ओलसर रेघ उमटली, म्हणजे काडी जिवंत होती. बोटभर वर खरवडले तर तपकिरी, कोरडे लाकूड लागले. कापण्याची जागा या दोहोंच्या मधली नसते. हिरव्या भागात सुमारे दोन सेंटीमीटर आत जाऊन कापावे लागते, कारण बुरशी वाळलेल्या भागाच्या पुढे जिवंत लाकडात शिरलेली असते. अगदी सीमेवर कापल्यास महिनाभरात तीच काडी आणखी खाली वाळत जाते.

सलीबरोबर आणखी दोन गोष्टी काढायच्या असतात. पहिली म्हणजे पाणसोट. मोठ्या फांदीतून सरळ वर जाणारे, मोठ्या पानांचे, लुसलुशीत धुमारे झाडाचे अन्न खातात आणि फळ देत नाहीत. ते कोवळे असतानाच मुळापासून काढावेत. दुसरी म्हणजे खुंटाची फूट. आपल्या झाडाचा वरचा भाग संत्र्याचा असला तरी मूळ जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचे असते, आणि कलमाचा डोळा बांधलेल्या जागेच्या खालून निघणारा प्रत्येक धुमारा त्या खुंटाचा असतो. काटे अधिक, पान वेगळे आणि चुरगाळल्यावर लिंबाचा वास, या खुणांवरून तो ओळखता येतो. नव्या बागायतदाराला हा धुमारा जोमदार दिसतो म्हणून तो ठेवतो. तीन-चार वर्षांनी झाडावर संत्र्याऐवजी जाड सालीची लिंबे लागतात आणि मूळ कलम दबून गेलेले असते.

एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना सिकेटरचे पाते एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून घ्यावे. अंगठ्यापेक्षा जाड फांदी कापली असेल तर तिच्या कापावर बोर्डो मलम (मोरचूद-चुन्याचे मलम, कृती पुढे दिली आहे) लावावे. काढलेली सल धुऱ्यावर रचून ठेवू नये, त्याच दिवशी बागेबाहेर नेऊन जाळावी. संपूर्ण बागेची सल काढून झाली की कार्बेन्डाझिम एक ग्रॅम प्रति लिटर पाणी किंवा शिफारशीत असलेल्या ताम्रयुक्त बुरशीनाशकाची एक फवारणी द्यावी.

खोडाची तपासणी

यासाठी गुडघ्यावर बसावे लागते. उभ्याने खोड दिसत नाही. प्रथम खोडाभोवतीची माती हाताने बाजूला करून कलमाची गाठ शोधावी. ती जमिनीपासून वीतभर तरी उंच, उघडी आणि कोरडी असली पाहिजे. अनेक जुन्या बागांत वखराने माती चढत जाऊन गाठ पुरली गेलेली असते. मग संत्र्याची नाजूक साल ओल्या मातीला लागते आणि फायटोफ्थोरा बुरशी तिच्यात शिरते. आपण ज्याला डिंक्या म्हणतो तो हाच रोग. सालीवर पाण्यात भिजल्यासारखा काळपट डाग, त्यातून पाझरलेला आणि वाळून पिवळट खडे झालेला डिंक, आणि नखाने दाबल्यास मऊ लागणारी साल, ही त्याची लक्षणे होत. तो डाग खोडाला चहूबाजूंनी वेढण्याआधी सापडला तर झाड वाचते.

उपचार सोपा असला तरी त्याला धीर लागतो. धारदार चाकूने रोगट साल तासत जावे आणि कडेला निरोगी, पिवळसर-पांढरी साल लागेपर्यंत थांबू नये. तासलेले तुकडे खाली पडू देऊ नयेत, पोत्यावर झेलावेत व जाळावेत. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट घेऊन केलेल्या द्रावणाने जखम धुवावी, ती सुकू द्यावी आणि नंतर तिच्यावर बोर्डो मलम लावावे.

त्याच फेरीत खोडाच्या बेचक्यांत भुशासारखी, विष्ठेने विणलेली तपकिरी जाळी दिसल्यास ती साल खाणाऱ्या अळीची असते. जाळी ब्रशने साफ केल्यावर तिच्या खाली पेन्सिल जाईल एवढे छिद्र सापडते. त्यात लवचिक तार घालून अळी मारावी. तार आत पोहोचत नसेल तर पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून छिद्र ओल्या मातीने लिंपून टाकावे.

बोर्डो मलम बनवणे व लावणे

हे मलम वर्षातून दोनदा लावायचे असते, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा पावसाळा संपल्यावर. हिवाळ्याच्या तोंडाशी लावलेले मलम डिंक्यापासून संरक्षण तर करतेच, शिवाय ताणात पाने गळाल्यावर उघड्या पडणाऱ्या खोडाला दुपारच्या उन्हापासूनही वाचवते. प्रमाण एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी असे आहे. मोरचूद पाच लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत रात्रभर भिजवावे. ते फडक्यात बांधून पाण्याच्या वरच्या थरात लोंबकळत ठेवले तर लवकर विरघळते. कळीचा चुना दुसऱ्या बादलीत थोडे थोडे पाणी घालून विझवावा व निवू द्यावा, आणि मग त्याचे पाणी पाच लिटर करावे. विझताना चुना उसळतो, म्हणून मुलांना दूर ठेवावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. सकाळी दोन्ही द्रावणे एकाच वेळी, सारख्या धारेने तिसऱ्या बादलीत ओतून लाकडी काठीने ढवळावीत. लोखंडी किंवा पत्र्याचे भांडे वापरल्यास मोरचूद धातूला खातो आणि मलम निकामी होते.

मलम जमले की नाही हे पाहण्यासाठी विळ्याचे घासून लखलखीत केलेले पाते त्यात मिनिटभर बुडवून बाहेर काढावे. पात्यावर तांबूस पुट चढले असेल तर मोकळा तांबा शिल्लक आहे. असे मलम साल जाळते. चुन्याचे पाणी थोडे थोडे वाढवत, पाते घासून पुन्हा बुडवत राहावे, आणि पाते जसेच्या तसे बाहेर आले की थांबावे. बरोबर जमलेल्या मलमाचा रंग आकाशी असतो. ते त्याच दिवशी संपवावे, कारण दुसऱ्या दिवशी त्याचा गुण उरत नाही. रंगाच्या ब्रशने जमिनीपासून तीन फूट उंचीपर्यंत, सालीच्या भेगांतही जाईल असे, खोडाभोवती सर्व बाजूंनी लावावे. समोरून निळे दिसणारे खोड मागून कोरडे राहिलेले मी अनेक बागांत पाहिले आहे, म्हणून मजूर पुढे गेल्यावर मालकाने मागून एक फेरी मारावी.

ताण : जमीन आधी पाहावी

ताण किती दिवसांचा, हा प्रश्न नवा बागायतदार सर्वांत आधी विचारतो, आणि त्याचे उत्तर त्याच्या जमिनीत असते. झाडाच्या घेराच्या कडेला, म्हणजे दुपारी बाराच्या सावलीच्या काठावर, सब्बलीने दोन फूट खोल खड्डा घ्यावा. फूट-दीड फुटावर मुरूम लागला तर जमीन हलकी आहे व तिथे साधारण महिनाभराचा ताण पुरतो. दोन फुटांपर्यंत काळी माती आणि खाली मुरूम अशी मध्यम जमीन असेल तर ४० ते ५० दिवस लागतात. तळाशीही चिकण काळी माती हाताला लागत असेल आणि तिचा गोळा वळत असेल तर ती भारी जमीन होय. ती ६० दिवसांनीही पुरती सुकत नाही, आणि सुकते तेव्हा तिला पडणाऱ्या भेगा बारीक मुळे तोडतात. संत्र्याची अन्न घेणारी मुळे बहुतांशी वरच्या दीड फुटात असतात, हे येथे लक्षात ठेवावे.

दिवस मागून मोजत यावेत. फेब्रुवारीत फुले हवी असतील तर जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात ताण तुटला पाहिजे, म्हणून मध्यम जमिनीत डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाणी बंद करावे लागते. उशिरा घेतलेल्या बहाराची कोवळी फळे मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडून गळतात. पाणी बंद केल्यावर वाफसा, म्हणजे चिखल न होता माती कसण्याजोगी ओल, येताच दोन ओळींमधून उथळ वखरणी करावी. त्यामुळे तण जाते आणि वरची माती लवकर सुकते. खोल नांगर मात्र घालू नये. तुटलेल्या मुळांच्या जखमांतून बुरशी आत जाते, आणि ताण बसल्यासारखे दिसणारे झाड प्रत्यक्षात मुळे हरवून बसलेले असते.

ठिबकच्या नळ्या वखरणीपूर्वी गुंडाळून फांदीला अडकवाव्यात. रिकाम्या काळात फिल्टर साफ करून घ्यावा व पाणी सुरू करण्याआधी प्रत्येक नळीचे टोक उघडून आतली माती वाहू द्यावी. तुंबलेली तोटी ताण तोडण्याच्या दिवशी सापडली तर त्या झाडाचा बहार मागे पडतो.

ताणाच्या काळात बागेत गहू, हरभरा किंवा भाजीपाला नसावा. मी स्वतः एका वर्षी धुऱ्यालगतच्या मोकळ्या पट्टीत गहू पेरला होता. बागेला पाणी द्यायचे नाही एवढे पथ्य मी कसोशीने पाळले, पण गव्हाचे पाणी जमिनीच्या पोटातून संत्र्याच्या दोन ओळींपर्यंत पोहोचत राहिले. फेब्रुवारीत साऱ्या बागेला पांढरा बहार आला आणि त्या दोन ओळी हिरव्यागार, पालवीने भरलेल्या, जवळजवळ बिनफुलांच्या उभ्या राहिल्या. शेजाऱ्याच्या शेतातून असे पाणी येत असेल तर धुऱ्यावर दोन-अडीच फूट खोल चर काढावा. शेजाऱ्याशी आधी बोलून घ्यावे, म्हणजे चराची माती कुठे टाकायची यावरून वाद होत नाही.

ताण बसल्याच्या खुणा

या दिवसांत बागेत दोनदा जावे, दुपारी दोनच्या सुमारास आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी. सुरुवातीला पाने दुपारी आतल्या बाजूला वळून नावेसारखी होतात आणि रात्रीतून पुन्हा सपाट होतात. ही केवळ सुरुवात आहे. पुढे एके सकाळी पाने दवात भिजलेली असूनही खाली मान टाकलेली दिसतात. त्या दिवसापासून ताण खरा बसू लागला असे समजावे. मग गडद हिरवा रंग जाऊन पानांवर फिकट, निस्तेज छटा येते, चुरगाळल्यास ती चामड्यासारखी लागतात आणि हळूहळू गळू लागतात. झाडावरची सुमारे चौथा हिस्सा पाने गळाली की ताण पुरा झाला. त्यापुढे जाऊ नये. डहाळ्यांचे शेंडे वाळू लागले असतील आणि नखाने खरवडल्यावर हिरवी रेघ उमटत नसेल तर आपण उशीर केला आहे. मग तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी हलके पाणी द्यावे.

भारी जमिनीत या खुणा दिसतच नाहीत किंवा अर्धवट दिसतात. अशा बागेत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढरोधकाची फवारणी उपयोगी पडते. बाजारात मिळणारे ५० टक्के तीव्रतेचे औषध प्रति लिटर पाण्यात दोन मिली घेतल्यास १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) द्रावण होते. ताण सुरू असताना पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या कराव्यात. त्याने झाडाची शाकीय वाढ थांबते आणि अन्न साठण्यास मदत होते. याच काळात दुकानदाराने जिबरेलिक आम्ल सुचवले तर घेऊ नये, कारण हिवाळ्यात ते फुलांचे डोळे तयार होण्यास अडथळा आणते. नत्रयुक्त खतही या काळात वर्ज्य समजावे.

जानेवारीत आपल्याकडे अवकाळी पाऊस येतो. शिडकावा असेल तर वाफसा येताच वखर फिरवून माती मोकळी करावी व ताण पुढे चालू ठेवावा. मोठा पाऊस पडून डोळे फुगू लागले असतील तर मात्र पुन्हा ताण देण्याचा हट्ट करू नये. झाडाला दोनदा तहानलेले ठेवण्यापेक्षा मिळेल तो बहार घ्यावा आणि खत-पाणी सुरू करावे.

थंडी आणि लहान झाडे

नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. मोठी झाडे अशी रात्र सहसा सोसतात, परंतु एक-दोन वर्षांच्या कलमांचे कोवळे शेंडे करपतात. त्यांच्याभोवती तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचे कुंपण करून वर गवताचे छप्पर घालावे व सकाळचे ऊन लागावे म्हणून पूर्वेची बाजू मोकळी ठेवावी. कडाक्याच्या रात्रीपूर्वी संध्याकाळी या लहान झाडांना हलके ओलीत द्यावे, कारण ओली माती दिवसाची ऊब रात्री हळूहळू सोडते. आळ्यात वाळलेल्या गवताचे आच्छादन असल्यास तेवढ्या रात्रीपुरते ते बाजूला सारावे.

ताण तोडणे

पाणी बंद करण्यापेक्षा ते पुन्हा सुरू करण्यात अधिक जपावे लागते. ताण तोडण्याच्या आठ-दहा दिवस आधी आळी तयार करावीत. झाडाभोवती दोन गोल बांध घालावेत, एक खोडापासून दीड फुटावर आणि दुसरा झाडाच्या घेराच्या कडेला. पाणी या दोहोंच्या मधल्या जागेतच राहावे. खोडाजवळची जागा कोरडी असली की डिंक्याला वाट मिळत नाही.

पूर्ण वाढलेल्या झाडाला ५० किलो कुजलेले शेणखत, साडेसात किलो निंबोळी ढेप आणि वर्षाला ८०० ग्रॅम नत्र, ३०० ग्रॅम स्फुरद व ६०० ग्रॅम पालाश, अशी मात्रा आपल्याकडे सर्वसाधारणपणे सांगितली जाते. माती परीक्षणात काही वेगळे निघाले तर तीत बदल करावा. अमरावती रोडवरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था किंवा काटोलचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र येथे अहवाल दाखवून विचारता येते. ताण तोडताना नत्राची अर्धी मात्रा आणि स्फुरद व पालाश पूर्ण द्यायचे असतात. बाजारच्या खतांत मोजायचे तर एका झाडाला सुमारे ८७० ग्रॅम युरिया, १ किलो ८७५ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो म्युरेट ऑफ पोटॅश एवढे होते. खत खोडाजवळ ओतू नये. बाहेरच्या बांधाच्या आतल्या बाजूने वीतभर खोल गोल चरी घेऊन तीत पसरावे आणि मातीने झाकावे. ट्रायकोडर्मा वापरायचा असल्यास तो शेणखतात मिसळून द्यावा आणि रासायनिक खतापासून किमान आठवडाभराचे अंतर ठेवावे.

पहिले पाणी आंबवणीचे. ते हलकेच असावे, नेहमीच्या निम्म्याच्या आसपास. दीड महिना सुकलेल्या मुळांवर एकदम पाणी सोडले तर झाड बावचळते. उरलीसुरली पाने पिवळी पडून गळतात आणि फुलांऐवजी पालवी जोर करते. पाच ते आठ दिवसांनी दुसरे, चिंबवणीचे पाणी पूर्ण मात्रेत द्यावे. त्यानंतर जमिनीच्या मगदुराप्रमाणे नियमित ओलीत ठेवावे आणि फुले-फळे धरत असताना पाण्याचा एकही फेरा चुकवू नये. पाणी सुरू झाल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत डहाळ्यांवर मोहरीएवढे पांढरट ठिपके दिसू लागतात. त्या कळ्या असतात. त्यांच्यासोबत पोपटी पालवीही निघते. या पालवीवर सिट्रस सिला या किडीची पिल्ले मेणाचे पांढरे वळसेदार धागे सोडत रस शोषतात. भिंगाविनाही ती दिसतात, फक्त शेंडा उलटा करून पाहिला पाहिजे. कीटकनाशक घ्यावे लागलेच तर कळ्या उमलण्यापूर्वी, कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीप्रमाणे घ्यावे. फूल उघडल्यानंतर पाकळ्या गळेपर्यंत पंप बागेत आणू नये, कारण त्या दिवसांत सकाळी आठपासूनच मधमाश्या कामाला लागलेल्या असतात. नत्राची राहिलेली अर्धी मात्रा फळे वाटाण्याएवढी झाली की, म्हणजे ताण तोडल्यापासून साधारण दीड महिन्याने, त्याच गोल चरीतून द्यावी आणि त्याच संध्याकाळी पाणी सोडावे.